आभाळ वरीलप्रमाणे

एक आभाळ उघडायला अकरा मिनिटं लागतात, हे दीनानाथ बोपर्डीकरांना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. आणि तेही चारचौघांत, हातात चहाची बशी असताना.

दीनानाथ भोरचे. एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. निरोपाच्या दिवशी कचेरीनं शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. कॅमेरा मात्र त्यांनी स्वतःचा स्वतः घेतला, चांगला दणदणीत, गळ्यात घातला की मान आपोआप अदबीनं खाली वाकेल असा. त्यातून घरची जास्वंद झाली, नदीवरचे बगळे झाले, शेजारच्या हनुमंतरावांचा बोका तर नऊ कोनांतून झाला. मग कुणीतरी त्यांना हिरडेवाडीच्या सरूबाईंकडे नेलं आणि दीनानाथांच्या आयुष्याला वळण लागलं.

हिरडेवाडी वेल्ह्याकडे, विंझरवरून आत वळलं की चार किलोमीटर. तिथं सत्तरी ओलांडलेल्या सरूबाई मडक्यांत जुन्या भाताचं बियाणं जपून ठेवतात. आंबेमोहर, रायभोग, काळभात, जिरेसाळ, कमोद, असे एकोणीस वाण. गेल्या वर्षी वीस होते. विसावा तांबसाळ. त्याचं मडकं उंदरांनी एका रात्रीत साफ केलं, आणि सगळ्या मुलखात शोधूनही तो पुन्हा मिळाला नाही. त्या दिवसापासून सरूबाईंना एकच ध्यास होता. गावातल्या जुन्या शाळेची पक्की, पत्र्याच्या दाराची खोली रिकामी पडली होती, ती बियाण्याला मिळावी.

दीनानाथांनी एकोणीसच्या एकोणीस वाणांचे फोटो काढले. दाणा, लोंबी, कुसळं, सगळं लख्ख. मग बारा दिवसांचा ऑनलाईन वर्ग करून त्यांनी या बियाण्याची वेबसाईट बनवली, स्वतःच्या हातानं! भोरला घरच्या वायफायवर ती अशी झोकात उघडायची की लताबाईसुद्धा म्हणाल्या, "अय्या, खरंच दिसतंय की!" सदतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी आलं नव्हतं.

अशा धुंदीत दीनानाथ हिरडेवाडीला गेले आणि सरूबाईंच्या ओट्यावर, त्यांच्याच मोबाईलवर, वेबसाईट लावून बसले. सगळ्यात वर सरूबाईंच्या बचत गटाच्या बायकांचा फोटो होता. तो वरून खाली उघडायला लागला. आधी निळी पट्टी आली. मग आणखी निळी पट्टी.

"काय हाय ह्ये?" सरूबाईंनी विचारलं.

"आभाळ," दीनानाथ म्हणाले. "खाली तुम्ही सगळ्या आहात."

चहा आला, संपला. दुसरा आला. आता आंब्याचा शेंडा दिसायला लागला. तिसऱ्या चहाला सरूबाईंच्या डोक्यावरचा पदर आला आणि तिथंच रेंज गेली. मांडव-डेकोरेशनवाला कोंडिबा कुडाला टेकून उभा होता. शाळेची तीच खोली त्याला खुर्च्या आणि पातेली ठेवायला हवी होती. तो म्हणाला, "सायेब, बायकांच्या तोंडापत्तुर पोचंस्तवर भाताची कापनी व्हईल."

हशा झाला. सरपंच मंगलताई तेवढ्या हसल्या नाहीत. "ह्ये बघा, खोली दोगांला बी पायजे. सरूमावशी म्हनत्यात, जुन्या बियान्याला लांबून लोक इचारतील. मग रविवारच्या ग्रामसभेत ह्ये हितं उघडून दावा. दिसलं तर खोली बियान्याला. न्हाईतर कोंडिबाला. परत कुनी कुरकुर करायची न्हाई."

दीनानाथ निघाले तेव्हा सरूबाईंनी त्यांच्या पिशवीत चार मुठी आंबेमोहर घातला आणि म्हणाल्या, "तुमच्यावर हाय आता."

आता यावर माणसाची झोप उडावी की नाही? दीनानाथांची उडाली नाही, कारण ते दुपारी झोपतात आणि त्यात खंड पडू देत नाहीत. पण सोमवारी उठल्या उठल्या ते हनुमंतरावांकडे गेले. हनुमंतराव एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. जगातल्या सगळ्या अडचणी त्यांना स्टँडवरून दिसतात.

"गाडी ओव्हरलोड झालीय तुमची," ते म्हणाले. "टपावरचा माल उतरवा."

"म्हणजे?"

"आभाळ कापा! आभाळात काय बघायचंय कुणाला?"

दीनानाथांनी आभाळ कापलं. कापता कापता हात चढला आणि डावी बाजूही थोडी कापली. त्या डाव्या बाजूला भिमाबाई उभ्या होत्या. फोटोत त्यांचा एक कान आणि अर्धी नथ उरली. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो गेला आणि दहा मिनिटांत भिमाबाईंचा फोन आला. "सायेब, म्या गटात हाय का न्हाई, ते एकदा सांगून टाका. नसंन तर माजा काळभात म्या घिऊन जाती घरला."

काळभात एकट्या भिमाबाईंकडून आलेला. दीनानाथांनी फोनवर माफी मागितली, मग मेसेजवर मागितली, शेवटी हिरडेवाडीला जाऊन प्रत्यक्ष मागितली आणि फोटो होता तसा, आभाळासकट, परत लावला. तेव्हाच ठरलं, की काहीही कापायचं नाही. माणसं तर नाहीच, आभाळही नाही. सगळं ठेवून लहान करायचं.

मंगळवारी त्यांना वेबपी सापडलं. फोटो साठवायची ही नवी पद्धत. दीनानाथ चष्मा कपाळावर चढवून एक लेख वाचत होते. वाचता वाचता ते ताडकन उठले आणि स्वयंपाकघरात धावले. लताबाई शेंगा सोलत होत्या.

"अगं, हे आमचंच आहे! आमच्या कचेरीचं!"

"काय?"

"वरीलप्रमाणे! अगं, रजिस्टरात आम्ही काय करायचो? पहिल्या ओळीत सगळं सविस्तर लिहायचं आणि खाली लिहायचं वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. हे वेबपी तेच करतं! पहिला तुकडा निळा. शेजारचा? वरीलप्रमाणे! तो जरासा फिका असेल तर 'वरीलप्रमाणे, किंचित फिका'. झालं! फरक तेवढा लिहायचा, बाकी जागा मोकळी!"

"मग एवढे दिवस लोक काय करत होते?"

"करत होते तेही, पण ओबडधोबड. हे म्हणजे अव्वल कारकुनाचं काम आहे!" दीनानाथ परातीभोवती गोल फिरत होते. चौतीस वर्षं ज्या शब्दावरून साहेबांची बोलणी खाल्ली, त्या शब्दावर आज सगळं जग फोटो पाठवत होतं. लताबाईंनी शेंगांची परात बाजूला सरकवली, कारण नवरा तिच्यात पाय देणार हे त्यांना दिसत होतं.

मग काय विचारता! चौदा एमबीचा आंबेमोहर आठशे केबीवर आला. आकारच कमी केला तर दीडशेवर. फोटोचा दर्जा ठरवणारं बटण सरकवलं तर साठ! दीनानाथ टाळ्या पिटत होते. बटण आणखी सरकवलं, चाळीस! वीस! नऊ! माणसाला घसरगुंडी सापडल्यावर तो शिडीनं कशाला उतरेल? त्या भरात त्यांनी लग्नाचा अल्बम लहान केला, लाईटबिल लहान केलं, हनुमंतरावांचा बोका तीन केबीवर आणला. बाजारात भाजीवालीला, दवाखान्यात कंपाउंडरला, ज्याला त्याला ते विचारत सुटले, "तुमचे फोटो किती एमबीचे आहेत हो?" लोक दबकून उत्तर द्यायचे, काही आजार असावा अशा बेतानं.

बुधवारी ते नऊ केबीचा आंबेमोहर घेऊन सरूबाईंसमोर हजर झाले. फोटो क्षणात उघडला! दीनानाथांनी विजयानं वर पाहिलं. सरूबाईंनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"साबुदाना भिजत घातलाय व्हय?"

"आंबेमोहर आहे तो."

"ह्यो आंबेमोहर?" सरूबाई दुखावल्या. "सायेब, लेकराला कडेवर घ्यायचं म्हून कुनी त्येचं हातपाय काढून ठिवतं का?"

दीनानाथ परत भोरला आले आणि बटण जिथं कुसळ दिसतं पण फोटो फुगत नाही अशा जागी नेऊन ठेवलं. एकेका वाणासाठी ते बटण वेगळं निघालं. काळभात कमीत खपायचा, जिरेसाळीचा बारीक दाणा जास्त मागायचा. एकोणीस वाण, एकोणीस बटणं. संध्याकाळी त्यांची मान अवघडली, पण सगळी वेबसाईट मिळून पूर्वीच्या एका दाण्याच्या फोटोपेक्षा हलकी झाली होती. दीनानाथ अंगणात येऊन नुसतेच उभे राहिले. आनंद सांगायला हनुमंतरावांचा बोका तेवढा होता, त्याला सांगितला.

गुरुवार कागदपत्रांचा. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेला फोटो जोडायचे होते. ग्रामसेवकांच्या कॉम्प्युटरनं जन्माचा पहिला पावसाळा पाहिला असेल तेव्हा वेबपी नावाची वस्तू जन्मायची होती. त्यानं फाईल ओळखायला साफ नकार दिला. ग्रामसेवकांनी थंडपणे कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, "सदर फोटो वाचनीय नाहीत. त्रुटी दूर करून फेरसादर करावे."

दीनानाथांनी तो कागद दोनदा वाचला. चौतीस वर्षं हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांना लिहिलं होतं. किती जणांना लिहिलं होतं कोण जाणे. आज ते त्यांच्याच हातात होतं आणि फार वाईट वाटत होतं. पण एक धडा मिळाला. घरी जाऊन त्यांनी प्रत्येक फोटोच्या दोन प्रती केल्या, नव्या मशिनला नवी, जुन्याला जुनी, आणि जुन्या प्रती ग्रामसेवकांना फेरसादर केल्या.

इथं गोष्ट सरळ मार्गी लागायला हरकत नव्हती. पण दीनानाथांच्या हाडात मंजुरी मुरलेली. वरून सही आल्याशिवाय त्यांनी उभ्या नोकरीत टाचणीसुद्धा खरेदी केली नव्हती. तेव्हा शुक्रवारी त्यांनी सगळ्या नव्या फाईली हिरडेवाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवल्या. खाली लिहिलं, "मंजुरीसाठी सविनय सादर." फाईली एकवीस होत्या. एकोणीस वाण, बायकांचा फोटो आणि 'आमच्याविषयी' या पानावरचा दीनानाथांचा फोटो. त्यात ते गळ्यात कॅमेरा घालून दूर कुठंतरी विचारपूर्वक बघत होते. तो लताबाईंनी काढला होता, आणि दूर म्हणजे शेजारच्या गच्चीवर त्यांची लुंगी उडून गेली होती, तिकडे बघत होते.

आणि घोळ झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर जे स्टिकर फिरतात ना, तेही याच वेबपीतले. मोबाईलनं एकवीसच्या एकवीस फाईली स्टिकर समजून पाठवल्या. मंजुरीचा प्रस्ताव बाजूला राहिला आणि गावाला आयता एकवीस स्टिकरांचा खजिना मिळाला.

पहिला मान भिमाबाईंचा. त्यांनी सकाळच्या रामरामाला काळभात टाकला. त्यावर कुणी रायभोग टाकला. दुपारपर्यंत गावाची भाषाच बदलली. काम झालं तर आंबेमोहर, कामात असलं तर काळभात, आणि 'बघू, विचार करून सांगतो' असं म्हणायचं असलं की विचारमग्न दीनानाथ. कोंडिबानं तर धडाका लावला. खुर्च्या मागायला मेसेज केला की पलीकडून आधी दीनानाथ यायचे.

हनुमंतरावांचे मेहुणे हिरडेवाडीतले. संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडून विचारमग्न दीनानाथ भोरला येऊन पोचले. भाजीवालीनं गवार तोलता तोलता विचारलं, "काका, त्ये विचार करनारं तुमीच न्हवं?" हा घाव कमी म्हणून की काय, घरी येऊन त्यांनी लताबाईंना मेसेज केला, "स्वयंपाक काय?" लताबाई आतल्या खोलीतच होत्या. उत्तरादाखल मोबाईलवर दीनानाथांचाच चेहरा आला.

"अहो, रागावता काय? किती गोड दिसताय."

"बारा केबी!" दीनानाथ ओरडले. "चौतीस वर्षं सरकारी सेवा केलेला माणूस बारा केबीचा!"

बिचाऱ्यांच्या वर्मी लागलं होतं. आणि वर्मी लागलेला माणूस शहाणपणाच्या ऐन मध्यात एक गाढवपणा करतो. शनिवारी दीनानाथांनी आपला मूळचा फोटो, चौदा एमबीचा, तसाच्या तसा वेबसाईटवर चढवला आणि तोही पहिल्या पानावर, सगळ्यात वर. मूळ माणूस कसा दिसतो ते लोकांना एकदा नीट कळू दे! तो भोरच्या वायफायवर दोन सेकंदांत उघडला. सुरकुती न सुरकुती लख्ख होती.

रविवारी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. खुर्च्या कोंडिबाच्या, फुकट दिलेल्या, म्हणजे त्याचं वजन आधीच पडलं होतं. सकाळपासून वीज नव्हती आणि रेंजची एक काडी यायची, दमायची, जायची. सरूबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मांडीवर त्यांनी एक रिकामं मडकं आणलं होतं, तांबसाळीचं, उंदरांनी कडेला कुरतडलेलं. ते कुणाला दाखवायला आणलं नव्हतं. नुसतं धरून बसल्या होत्या.

मंगलताईंनी विषय पुकारला. दीनानाथांनी सरूबाईंचा मोबाईल हातात घेतला, मोठ्या उत्साहानं वेबसाईटवर बोट ठेवलं आणि जमलेली माणसं पुढे वाकली.

वरून खाली, एक टक्कल उतरायला लागलं.

दीनानाथांना क्षणात सगळं समजलं. एकोणीस वाण, साठ-साठ केबीचे, निमूट रांगेत थांबले होते आणि दारात त्यांचा स्वतःचा चौदा एमबीचा देह अडकला होता. काढावा तर त्यालाही रेंज पाहिजे. मिनिट गेलं. कपाळ आलं. आणखी दोन मिनिटांनी भुवया आल्या आणि रेंज गेली.

"परवा आभाळ व्हतं," कोंडिबा म्हणाला, "आज डोंगर हाय."

पटांगण हसलं. दीनानाथांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ते सरूबाईंकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सरूबाई, चूक माझी आहे. तुमची भातं हलकी आहेत हो, मीच जड झालो. हौसेपायी माझाच फोटो वर लावला. मला माफ करा."

सरूबाई उठल्या. दीनानाथांना वाटलं, आता ऐकून घ्यायचं. पण त्या कोंडिबासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कोंडिबा, मोबाईल काढ. काल तू मला काय धाडलंतं?"

"कायतरी टिकर व्हता."

"कंचा?"

कोंडिबानं मोबाईल काढला, बोटानं वर-खाली केलं. "ह्यो. तांबूस दान्याचा. रायभोग."

"रायभोग हाय, ह्ये तुला कुनी सांगितलं?"

"सांगायचं काय त्येच्यात? दिसतंय की. आमच्या खालच्या वावरात म्हातारी लावायची..." कोंडिबा बोलता बोलता थांबला.

आणि दीनानाथांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! स्टिकर! एकोणीसच्या एकोणीस वाण शुक्रवारपासून गावातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये येऊन बसले होते. त्यांना रेंज नको होती, वेबसाईट नको होती. "मोबाईल काढा!" ते किंचाळले. "सगळ्यांनी काढा! वीज नको, रेंज नको! स्टिकर उघडा!"

पटांगणभर मोबाईल निघाले. कुणी जिरेसाळ दाखवला, कुणी कमोद. मागून एक म्हातारा उठला आणि म्हणाला, ह्यो कोळंबा, ह्येची पेज आजारी मान्साला द्यायची. लगेच दोघीजणी भांडायला लागल्या की पेज कोळंब्याची का जिरेसाळीची. कुणाच्या बहिणीनं वरव्याहून विचारलं होतं, हे बी मिळेल का. कुणाच्या व्याह्यानं उत्रोलीहून. शुक्रवारपासून आलेले असे मेसेज लोक एकमेकांना वाचून दाखवायला लागले. मंगलताईंनी विचारणारे बोटांवर मोजायचं सोडून दिलं.

"लांबून इचारत्यात म्हनत व्हती मावशी," त्या म्हणाल्या, "इचारलंय की मग! कोंडिबा?"

कोंडिबानं मान खाजवली. "खोली बियान्याला द्या. माझी पातेली ऱ्हातील छपरात. आन् रायभोग मला बी पायलीभर द्या, खालच्या वावराला." मग त्यानं ग्रुपवर एक आंबेमोहर टाकला. पुढे बसलेल्या सगळ्यांचे मोबाईल वाजले.

ठराव लिहायला अक्षर चांगलं म्हणून दीनानाथांना बसवलं. गेलेली अब्रू पेनाच्या टोकाशी परत आल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी ऐटीत रकाने आखले. क्रमांक, वाणाचं नाव, कोणाकडून प्राप्त. एक, आंबेमोहर, सरूबाई यांचेकडून. दोन, रायभोग, वरीलप्रमाणे. हात सवयीनं धावत होता, भिमाबाईंचाही त्याला विसर पडला. तीन, काळभात, वरीलप्रमाणे.

"वाचा बरं," सरूबाई म्हणाल्या.

दीनानाथांनी वाचलं.

"न्हाई सायेब. वरीलपरमानं हितं चालायचं न्हाई. सगळी म्या कुठं आनली? रायभोग कोंडिबाच्या आईनं दिला. काळभात भिमाचा. कमोद विंझरच्या माझ्या नंदंनं वटीत घातला. ज्यांनी दिलं त्यांची नावं लिवा, एकेकीचं. फोटू तुमी लहान केलं, मला आवडलं. पन ह्ये लहान करू नगा."

आठवडाभर जग लहान करत सुटलेल्या दीनानाथांनी 'वरीलप्रमाणे'वर मुकाट्यानं रेघ मारली. त्यांनी एकोणीस वाण लिहिले आणि एकोणीस बायकांची नावं लिहिली, सासर-माहेरासकट. दोन पानं भरली, हात दुखला. शेवटी त्यांनी खाली सहीची रेघ ओढायला पट्टी लावली.

"थांबा," सरूबाई म्हणाल्या. "ईस लिवा."

"विसावा कुठं आहे आता?"

"लिवा तुमी. ईस. तांबसाळ. आन् म्होरं रिकामं ठिवा. कुनाच्या तरी मडक्यात आसंल. ह्ये टिकर फिरत्यात न्हवं गावोगाव? त्ये बघून कुनीतरी तांबसाळ बी आनून दील."

सरकारी ठरावात ओळ रिकामी सोडत नाहीत. सोडली तर त्यावर आडवी रेघ मारतात, म्हणजे नंतर कुणी काही घुसडू नये. दीनानाथांनी चौतीस वर्षांत एकदाही ती रेघ चुकवली नव्हती. त्यांनी लिहिलं, "२०. तांबसाळ." पेन उचललं. पुढची जागा मोकळी ठेवली आणि खाली सही केली.